उकळी किती जोरात हवी

बिअर बनवताना उकळी जितकी खळखळून तितकी बिअर चांगली, हे मत मला पटत नाही. वर्टचा (माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून काढलेल्या गोड पाण्याचा) पृष्ठभाग सतत हलता राहिला की पुरे. त्याहून मोठ्या आचेनं नुसतं पाणी उडतं आणि रंग गडद होतो. झाकण मात्र पूर्ण लावू नका, विशेषतः पिल्सनर माल्ट, म्हणजे अगदी फिकट माल्ट, असेल तर. नाहीतर वाफेबरोबर जायचा डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड, एक वासाचं गंधकयुक्त रसायन) आतच राहतो आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो.

अजून एक, गरम मोजमाप फसवं असतं. लाकडी उलथन्याच्या दांड्यावर मी लिटरच्या खाचा केल्यात. उकळतं वर्ट २३च्या खाचेवर होतं, गार झाल्यावर जेमतेम २२! द्रव गार होताना साधारण ४ टक्के आकसतो. ही तूट वाफेच्या खात्यात धरून मी कितीतरी वेळा आच उगाच कमी केली होती.