अनुभव धागा: 'द मार्व्हल्स' थिएटरात पाहिलात का? नाही, तर काय आडवं आलं?

परवा जेवताना या सुपरहिरो सिनेमाचा विषय निघाला. 'कॅप्टन मार्व्हल'ने २०१९ मध्ये जगभरात ११३ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. त्यातलीच नायिका कॅरल डॅनव्हर्स २०२३ च्या नोव्हेंबरात 'द मार्व्हल्स'मधून मोनिका आणि कमला या दोन जोडीदारणी घेऊन परत आली, तर गाडी साडेवीस कोटींच्या आसपास अडली. मार्व्हलच्या या सिनेमालिकेतला नीचांक. धाकटा भाऊ म्हणाला, "बायकांना हिरो केलं की असंच होणार." मला राग आला, पण बोलणार काय? मी स्वतःच पाहिला नव्हता! म्हणून हा धागा. परीक्षण नको, आपापलं सांगा.

सोऱ्या:
सिनेमा आला १० नोव्हेंबरला, म्हणजे धनत्रयोदशीला! आमच्याकडे त्या दिवशी अनारसे तुपात विरघळत होते, सिनेमा कुठला. रविवारी पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी लक्ष्मीपूजन आणि त्याच दिवशी सलमानचा 'टायगर ३'. पाडव्याला लेकीला घेऊन जाऊ म्हटलं, तर जवळच्या मल्टिप्लेक्सात सकाळी पावणेदहाचा एकच खेळ उरलेला. बुधवारी वानखेडेवर वर्ल्ड कपची सेमीफायनल, पुढच्या रविवारी अहमदाबादची फायनल. त्या फायनलनंतर चार दिवस घरात कुणी धड बोलत नव्हतं, सिनेमाला कोण जातंय?

हडसनकाठी:
सोऱ्या, दिवाळी तुमच्याकडे होती हो, अमेरिकेत कुठे सुट्टी होती? तिथेही दुसऱ्या शनिवार-रविवारी कमाई ७८ टक्क्यांनी घसरली.
मी जर्सी सिटीत राहते, म्हणजे कमला खान आमच्या गावची पोर. तिचे आईबाप झालेले झेनोबिया श्रॉफ आणि मोहन कपूर बघून वाटतं, हे लिफ्टमध्ये भेटतात की आपल्याला! आईचं ते ओरडता ओरडता जेवायला वाढणं... माझी तेरा वर्षांची मुलगी खुर्चीत उड्या मारत होती. पण पहिल्याच शनिवारी हॉलमध्ये आम्ही धरून चौदा डोकी. ऑफिसातल्या देशी मैत्रिणींना सिनेमा आलाय हेच माहीत नव्हतं. कलाकारांचा संप जुलैपासून चाललेला, तो मिटला ९ नोव्हेंबरला, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. तोवर कॅरल झालेली ब्री लार्सन असो की कमला झालेली इमान वेल्लानी, मुलाखती देणार कोण?

दुपारचा चहा:
मी नवऱ्याला ओढून नेलं. पहिल्या वीस मिनिटांत त्याचे प्रश्न: "ही कोण? हिच्या हातातून उजेड का येतो? हिला ती मावशी का म्हणते?" मोनिकाला शक्ती मिळाली 'वांडाव्हिजन'मध्ये, कमलाची सगळी गोष्ट 'मिस मार्व्हल'मध्ये. दोन्ही मालिका घरबसल्या बघायच्या, त्याही पैसे भरून. मी बघितल्या होत्या म्हणून मजा आली, त्याला मात्र अभ्यास न करता परीक्षेला बसवल्यासारखं झालं. २०१९ ला उलट होतं. मार्व्हलच्याच आधीच्या 'इन्फिनिटी वॉर'च्या शेवटी एका पेजरवर कॅरलचं चिन्ह झळकलेलं आणि सात आठवड्यांत त्याचा पुढचा भाग 'एंडगेम' येणार होता. तेव्हा ही कोण हे कळण्यासाठीच लोक धावले. या वेळी चुकवलं तरी काही बिघडत नव्हतं.
जाता जाता: १०५ मिनिटांतही खलनायिकेला धड ओळख नाही. कात्री फार चालली असावी.

नखरेल मांजर:
ओटीटीवर येईलच म्हणून थांबले. फेब्रुवारीत आला. अजून बघायचाय.

खिडकीतला:
वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सिनेमा यायच्या आधीच 'फ्लॉप' लिहिलेले विनोद फिरत होते. मीही हसायच्या बाहुल्या टाकल्या, खोटं कशाला बोलू. पण ब्री लार्सनवरची खुन्नस जुनी आहे. २०१९ ला तर 'कॅप्टन मार्व्हल' येण्याआधीच इतकी चिखलफेक झाली की रॉटन टोमॅटोज या परीक्षणांच्या साइटला आपली 'बघायची इच्छा' मोजायची सोय बदलावी लागली. तरी ११३ कोटी झालेच ना? तेव्हा नुसत्या द्वेषाने सिनेमा पडत नाही. आणि भावाला सांगा, २०२३ मध्येच पुरुष सुपरहिरोंचा 'द फ्लॅश' आपटला, दुसरा 'शझॅम'ही आपटला. तेव्हा गटावर कुणी लिहिलं नाही की पुरुषांना घेऊ नका. जुलैत 'बार्बी'ने तर या सगळ्यांना मागे टाकलं. मला विचाराल तर त्या वर्षी लोक केप-मुखवट्यांनाच विटले होते. मार्व्हलची मालक कंपनी डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी नंतर सेटवर वरिष्ठांची देखरेख कमी पडल्याचं सांगितलं, म्हणजे बोट चित्रीकरणाकडेच, दिग्दर्शिका निया डकोस्टाच्या बाजूला. पण मालिकांचा ढीग काय तिने लावला होता?

सोऱ्या:
@खिडकीतला, बाहुल्यांबद्दल पाच पुशअप्स.

धागाकर्ती:
काल रात्री भावाला शेजारी बसवून बघितला. मांजरीची पिल्लं माणसं गिळू लागली तेव्हा तो खुर्चीतून पडेपर्यंत हसला. त्याआधी तीनदा थांबवून विचारलं होतं, "ताई, ही मोनिका कोण?"