मदत हवी आहे: कॉलेजचा स्टार क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, टिकेल का, कसं ओळखायचं?

फॅन्टसी लीगसाठी (खऱ्या खेळाडूंची कागदावरची टीम, त्यांच्या कामगिरीवर गुण) कॉलेजमधून येणारा एक क्वार्टरबॅक घ्यायचाय, काही वर्षं ठेवायचाय. कम्प्लिशनची टक्केवारी (किती थ्रो आपल्या खेळाडूने झेलले), टचडाउन (या खेळातला गोल) सगळं बघून झालं, पण भरवसा कशावर ठेवायचा तेच कळेना, कारण जोश अ‍ॅलनची वायोमिंगमधली टक्केवारी जेमतेम ५६ आणि तो एनएफएलमध्ये गाजला, उलट जॉनी मॅन्झीलने २०१२ ची हाइजमन ट्रॉफी (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मारली आणि दोन सीझनमध्ये गाशा गुंडाळला. ड्राफ्ट नंबरचंही (एनएफएलच्या टीम नवे खेळाडू ज्या क्रमाने निवडतात तो) तेच, २००७ चा पहिला जामार्कस रसेल साफ फसला आणि २००० चा १९९ वा टॉम ब्रेडी महान ठरला! हायलाइट्समध्ये तर सगळेच देव वाटतात, म्हणून पूर्ण मॅच बघतोय. पेड डेटा नकोय. पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीचं साथीदारांचं कडं) कोसळताना पहिला रिसीव्हर (थ्रो झेलणारा) कव्हर असेल तर क्वार्टरबॅक दुसऱ्याकडे बघतो की लगेच पळत सुटतो, एवढं पाहिलं तर पुरे, की थर्ड डाउनचे (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याचे) थ्रो वेगळे काढून बघू?