वर्गणी संपली की जुने अंकही जाणार? ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’च्या पुढच्या कराराबद्दल

कपाटकिल्ली

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ म्हणजे शासकीय संस्थांसाठी संशोधन जर्नल्सची एकत्र वर्गणी भरण्याची केंद्र सरकारची योजना. तिची सध्याची मुदत २०२७ अखेर संपते. २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केले. ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, ६,३०० हून जास्त शासकीय संस्था, आणि कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या केंद्रीय संस्थेकडे. पुढच्या करारात किंमत किती उतरवायची यावरच सगळे बोलतात. माझं म्हणणं, किंमत नंतर. आधी मुदत संपल्यावरचे हक्क ठरवा.

छापील अंकाची वर्गणी बंद केली तरी १९९८ चे बांधीव खंड कपाटात राहतात. इलेक्ट्रॉनिक जर्नलमध्ये आपण अंक घेतच नाही, वापराचा परवाना घेतो. करारात वेगळं कलम नसेल तर वर्गणीच्या काळातले लेखही मुदतीबरोबर बंद होऊ शकतात. म्हणून तीन गोष्टी लेखी हव्यात. ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांत प्रसिद्ध झालेले लेख कायम खुले. ते कुठून मिळतील आणि ते सर्व्हरवर ठेवण्याचा (होस्टिंगचा) खर्च कोणाचा, हे स्पष्ट. आणि प्रत्येक संस्थेची जर्नलनिहाय, वर्षनिहाय हक्कांची यादी कराराला जोडलेली. यादी नसेल तर पहिल्या दोन कलमांचा उपयोग शून्य. जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेलं की नवा प्रकाशक पहिल्यांदा विचारतो, “तुमचा हक्क कोणत्या वर्षापासून?”

तालुका_ग्रंथालय

ज्यांच्या कपाटात आधीपासून खंड होते त्यांना जुन्या अंकांची चिंता. या योजनेआधी वेगवेगळ्या मंत्रालयांचे दहा कन्सॉर्शिया, म्हणजे ग्रंथालयांचे सामायिक वर्गणीगट, मिळून सुमारे २,५०० उच्चशिक्षण संस्थांपर्यंत पोचत होते. बाकीच्यांकडे ‘जुने हक्क’ नावाची वस्तूच नव्हती.

हिशेब करा. वर्षाला २,००० कोटी आणि १.८ कोटी वापरकर्ते, म्हणजे माणशी अकराशे रुपये. कायमस्वरूपी हक्क प्रकाशक फुकट देत नाही. त्याची किंमत एकतर रकमेत वाढते, नाहीतर जर्नल्सच्या संख्येतून कापली जाते. शासकीय महाविद्यालयातल्या एम.एस्सी.च्या मुलाला चालू वर्षाचे १३,००० हवेत; पुढच्या पिढीसाठी ४,००० ची मालकी त्याच्या कामाची नाही.

मोजमाप

दोघांनाही एक सूचना. ६,००० कोटी ही तरतूद आहे, कराराची किंमत नव्हे. आणि १.८ कोटी ही नोंदलेली डोकी आहेत, वाचक नव्हेत. डोक्यांनी भागून काही कळत नाही, वापराने भागा.

तेही जपून. काउंटर अहवालात (प्रकाशक ठरलेल्या नमुन्यात देतो तो वापराचा अहवाल) ‘टोटल आयटम रिक्वेस्ट’ घेऊ नका: एकाच लेखाचं एचटीएमएल पान उघडून मग पीडीएफ उतरवली की दोन मोजले जातात. ‘युनिक आयटम रिक्वेस्ट’मध्ये एका सत्रात एकच. समजा ४ लाखांचं पॅकेज, टोटल २,६०० आणि युनिक १,६००. दर लेखामागे १५४ रुपये की २५०, इथेच फरक पडला. आता काउंटरमधलाच टीआर-जे४ हा अहवाल उघडा. त्यात लेखाच्या प्रसिद्धीवर्षानुसार वापर दिसतो. त्यातले ७०० आपल्या मालकीच्या जुन्या वर्षांतले निघाले, तर या वर्षीच्या पैशांनी ९००च मिळाले. दर ४४४. हक्कांची यादी नसेल तर ही वजाबाकी करताच येत नाही. तेवढ्यापुरता मी कपाटकिल्लींच्या बाजूने.

कपाटकिल्ली

तालुका, प्रश्न मालकीच्या हौसेचा नाही, बोलणी मोडता येण्याचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हियर या बड्या जर्नल-प्रकाशकाशी बोलणी थांबवली. जुलैत नवे लेख बंद झाले, आणि मार्च २०२१ मध्ये करार झाला. दोन वर्षं तग धरता आला याचं एक मोठं कारण म्हणजे आधीच्या वर्षांतल्या बऱ्याच लेखांचा कायम हक्क त्यांच्याकडे होता. जर्मनीत २०१८ च्या उन्हाळ्यात एल्सेव्हियरने अनेक संस्थांचा प्रवेश बंद केला, आणि सामायिक करार २०२३ च्या सप्टेंबरात झाला. १ जानेवारीला जुनंनवं सगळंच बंद होणार असेल, तर ३१ डिसेंबरला प्रकाशक म्हणेल त्या आकड्यावर सही होते.

तालुका_ग्रंथालय

कॅलिफोर्नियाची दहा संकुलं आणि आपल्या ६,३०० संस्था यांची तुलना लागू पडत नाही. तिथे आंतरग्रंथालयीन देवघेवीतून पीडीएफ मिळते, त्यासाठी माणसं आहेत. इथे एकटा ग्रंथपाल, तोच नॅकच्या मूल्यांकनाची फाइल सांभाळतो. उलट एकच खरेदीदार असल्याने नकाराचं वजन वाढलं आहे: एक ‘नाही’ म्हटलं की प्रकाशकाचा अख्खा देश जातो.

माझ्या मते पुढच्या करारात जोर वेगळीकडे हवा. प्रकाशक संस्थेला तिच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेट पत्त्यावरून ओळखतो. ब्रॉडबँडचा आयपी बदलता असेल तर प्रकाशकाकडे नोंदलेला पत्ता चार दिवसांत निरुपयोगी होतो. स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेतला, तरी सगळं महाविद्यालय एकाच सार्वजनिक पत्त्यामागे; एका मुलाने डाउनलोडर लावून अख्खा खंड ओढायला सुरुवात केली की पत्ताच बंद आणि परीक्षेच्या आठवड्यात सगळेच बाहेर. त्या वेळी कोणाला कळवायचं, किती तासांत प्रवेश सुरू व्हायला हवा, हे कलमात लिहा. इन्फेडचं, म्हणजे इन्फ्लिबनेटच्या सामायिक व्यवस्थेतलं, प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन हा पर्याय आहेच. त्यात गैरवापर करणारं खातं वेगळं काढता येतं. पण खाती वेळेवर तयार करायला नोडल अधिकारी जागेवर हवा.

कोठारवाला

हक्क ‘कुठून’ बजावायचा त्याबद्दल. करारात नुसतं ‘लेखांचं जतन केलं जाईल’ असं वाक्य घालून समाधान मानू नका. क्लॉक्स आणि पोर्टिको या डिजिटल जर्नल्स जतन करणाऱ्या सेवा. क्लॉक्स हे बंद कोठार आहे. प्रकाशकाने जर्नल सोडून दिलं, ते कुठेच मिळेनासं झालं, तरच उघडतं. वर्गणी थांबली म्हणून ते तुमच्यासाठी उघडत नाही. पोर्टिकोतून वर्गणी थांबल्यावर वाचता येतं, पण संस्था पोर्टिकोची सभासद असेल आणि प्रकाशकाने तशी मुभा दिली असेल तरच. जतन आणि प्रवेश, दोन वेगळी कलमं.

पोटभाडेकरू

चर्चा पोटभर चालली आहे, आणि खाजगी संस्था पंगतीबाहेरच. पहिल्या टप्प्याचे शब्द ‘केंद्र वा राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील’ असे आहेत. महाराष्ट्रात बहुतेक महाविद्यालयं खाजगी शिक्षणसंस्थांची. अशांनी योजनेच्या पोर्टलवरच्या यादीत आपलं नाव शोधावं, आणि तोवर चालू वर्गण्या तोडू नयेत.

कपाटकिल्ली

पोटभाडेकरू, मान्य. आणि तुम्हाला खाजगी करारच करावा लागतो म्हणून दोन कलमं बघाच: दरवर्षीच्या वाढीची कमाल मर्यादा आणि गोपनीयता. किंमत इतरांना सांगायची नाही, या कलमामुळे शेजारच्या दोन महाविद्यालयांना एकाच पॅकेजचे वेगळे दर लागतात आणि कळतही नाही. ते खोडून पाठवा. प्रकाशक पुष्कळदा गुपचूप मान्य करतो.

तालुका, ‘एक नाही म्हटलं की अख्खा देश जातो’ हे खरं, म्हणूनच ते ‘नाही’ कोणी म्हणणार नाही. १.८ कोटी लोकांचा प्रवेश एका दिवसात बंद करायची जोखीम कोणता अधिकारी घेईल?

तालुका_ग्रंथालय

मग कायम हक्क सरसकट मागू नका. मोजमापांच्या पद्धतीने वापर काढा, वरची हजारभर जर्नल्स निवडा, तेवढ्यांपुरता मागा. खर्च आवाक्यात राहील.

मोजमाप

‘वरची हजार’ देशाच्या बेरजेतून काढलीत तर ती सगळी रसायन, वैद्यक आणि अभियांत्रिकीची निघतील. इतिहास-समाजशास्त्रात पंधरा वर्षांपूर्वीचा लेखही रोज लागतो, आणि तिथेच कायम हक्काची गरज जास्त. यादी विषयवार करा. (‘नवभारत’ आणि ‘समाजप्रबोधन पत्रिका’ या मराठी वैचारिक नियतकालिकांचे जुने अंक या ३० प्रकाशकांच्या यादीत नाहीत, मराठी विभागांनी त्यांची छापील वर्गणी ‘आता सगळं ऑनलाइन आहे’ म्हणून बंद करू नये.)

तालुका_ग्रंथालय

विषयवार चालेल. पण मग २०२५ पासूनचे टीआर-जे४ अहवाल प्रत्येक संस्थेने आत्ताच उतरवून ठेवायला हवेत. प्रकाशकाच्या प्रशासक खात्याचा पासवर्ड मागच्या ग्रंथपालाबरोबर निवृत्त झाला असेल, तर आधी तो मिळवा.