प्रतिसाद: पाऊस, लोकल आणि ५८ टक्के

मूळ पोस्टमध्ये मुंबईतल्या एका दिवसाचं मांडलेलं गणित असं: पावसाची शक्यता ४० टक्के, लोकल लेट होण्याची ३०, म्हणून दोहोंपैकी निदान एक तरी होण्याची ७०. त्यावर एका प्रतिसादात आलेली दुरुस्ती बरोबरच आहे, पाऊस पडला आणि गाडीही लेट झाली असे दिवस दोनदा मोजले जातात, ते एकदा वजा करायचे. हेच आकडे ८० आणि ६० असते तर बेरीज १४० झाली असती!

पण वजा किती करायचे? दुरुस्तीत ४० आणि ३० टक्क्यांचा गुणाकार करून १२ काढलेत, म्हणून उत्तर ५८. इथे माझी हरकत. गुणाकार चालतो तो दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसेल तेव्हाच. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी भरलं की गाड्या रखडतात, हे मध्य रेल्वेवाल्यांना काय सांगायचं! समजा १०० पैकी ४० दिवस पावसाचे, त्यांतल्या २० दिवशी गाडी लेट. मग ४० + ३० − २० = ५०. संबंध कितीही घट्ट असो, उत्तर ४० च्या खाली जाणार नाही, पावसाचे ४० दिवस तर मोजले जाणारच.

गुणाकारच करायचा तर भरती आणि पाऊस घ्या. भरतीची वेळ चंद्र-सूर्य ठरवतात, ढगांना तिचं सोयरसुतक नाही. म्हणूनच पालिका साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस पावसाळ्याआधीच जाहीर करू शकते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस आणि दुपारची मोठी भरती यांची गाठ पडली, तो निव्वळ योगायोग.