दगडमातीच्या घरांचं गाव: भूकंपाच्या तयारीचा पैसा आधी कुठे घालावा?

घाटमाथा:
गाव पाटण तालुक्यात, कोयनानगरच्या जवळ. सव्वाशे उंबरा. निम्म्याहून जास्त घरं दगडमातीची, कौलारू. ग्रामपंचायत थोडा निधी काढायला तयार आहे. एक गट म्हणतो स्ट्रेचर, बॅटऱ्या, भोंगा घ्या. दुसरा म्हणतो भिंती बघा. जाणकारांनी सांगावं.

ओळंबा:
भिंती. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेत आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हादरा पहाटेच बसला. माणसं झोपेतच दगडाखाली गेली. जाड भिंत म्हणजे भक्कम, ही समजूत घातक आहे. आतला आणि बाहेरचा थर वेगळा, मध्ये चिपा-माती. हादऱ्यात थर सुटतात आणि भिंत फुटते.

उभ्या भिंतीला टाके घाला, म्हणजे दोन्ही थर जोडणारे काँक्रीटचे आरपार दुवे. आडव्या-उभ्या दर १ मीटरवर खूण करा, वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा अर्धा मीटर सरकवून. गिलावा काढा, सांध्यातली माती कोरा आणि एक दगड सळईने हलवत सावकाश ओढा. घण मारलात तर शेजारचे चार निखळतील. ७५ मिमीचं आरपार भोक करा, दोन्ही तोंडांशी जरा रुंद. पाणी शिंपडून १:२:४ चं (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट बारीक खडीने निम्मं भरा, दोन्ही टोकं वाकवलेली ८ मिमीची सळई ठेवा, वर पुन्हा काँक्रीट. पुढे १० दिवस पाणी मारा. शेजारशेजारची भोकं एकाच दिवशी उघडू नका.

भिंतीला आधीच पोट आलं असेल तर टाके वाया जातात. छपराला टेकू देऊन तेवढा भाग उतरवा आणि नव्याने रचा. दर ६० सेंमी उंचीला, १.२ मीटरच्या आत एकेक आरपार दगड हवाच.

रंधा:
एक भर. सळई भिंतीच्या जाडीपेक्षा ५ सेंमी आखूड कापा. टोक उघडं राहिलं की आपल्याकडच्या पावसात गंजतंच. छपराखालची त्रिकोणी भिंतही विसरू नका, ती सगळ्यात आधी पडते. तिथला दगड उतरवून पत्रा किंवा फळ्या मारा.

घाटमाथा:
विटांच्या घरांचं काय? आणि काम कधी काढावं?

ओळंबा:
दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर आत-बाहेर वेल्डेड जाळीचा पट्टा, १:३ सिमेंट-वाळूच्या गिलाव्यात, सगळ्या भिंतींवरून सलग. दोन्ही बाजूंच्या जाळ्या भिंतीतून तारेने बांधायच्या. गवंडी हमखास कोपऱ्यावर जाळी तोडतो. तिथे तुटली की पट्टा निरुपयोगी, कारण भिंती एकमेकींपासून कोपऱ्यातच फाटतात. जुन्या गिलाव्यावर जाळी ठोकू देऊ नका.

काम जानेवारी-फेब्रुवारीत काढा. नंतर पाणी मारायला पाणी नसतं आणि जूननंतर माती ओली. पहिले टाके गोठ्याला घाला, गवंड्याचा हात बसतो. मग शाळा-अंगणवाडी, मग झोपायच्या खोल्या.

पहारवाला:
भिंतींशी सहमत, पण अवजारं अगदीच सोडू नका. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर बाहेरची मदत येईपर्यंत गावच गावाला. वाडीगणिक ४ पहारी, ६ घमेली, २ फावडी, करवत, दोर, १० टनी हायड्रॉलिक जॅक आणि लाकडी ठोकळे. जॅकने थोडं उचललं की लगेच ठोकळा सारायचा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणी खाली हात घालू नये. सामान पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा, जुन्या दगडी चावडीत नको. किल्ल्या दोघांकडे.

यापेक्षा स्वस्त आणि जास्त कामाची एक वही: कोणत्या घरात, कोणत्या खोलीत कोण झोपतं. दर सहा महिन्यांनी ताजी करा. मुंबईकर गणपतीला येतात तेव्हा तर नक्कीच. ढिगाऱ्यावर जेसीबी चढवायची घाई नको. अधूनमधून सगळं थांबवून दोन मिनिटं कान द्यायचा.

घाटमाथा:
ग्रामसभेत मांडतो. भोंगा तूर्त यादीच्या तळाशी.

रंधा:
भोंग्याला देवळातली घंटा चालेल. फक्त ती टांगलेली तुळई आधी तपासा.