इंटर्नशिप संपतेय, पुढे बाँडवर (एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी सेवा) पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचंय, आणि खूप भीती वाटतेय

इंटर्न_विदर्भ:
१५ दिवस राहिलेत. परीक्षेत ऑर्गनोफॉस्फरसच्या (फवारणीच्या औषधातलं विष) विषबाधेची लक्षणं धडाधड लिहिली, पण इंटर्नशिपमध्ये निम्मा वेळ सॅम्पल लॅबला पोचवण्यात आणि रिपोर्ट आणण्यात गेला, उरलेला नीट-पीजी प्रवेशपरीक्षेच्या एमसीक्यू सोडवण्यात. पेशंटच्या घशातून श्वासाची ट्यूब टाकायला रेसिडेंट असायचेच, मी बाजूला उभी. आता रात्री २ वाजता फवारणीचं औषध प्यायलेला पेशंट आला आणि मी एकटीच असले तर? तुम्हालाही असं वाटायचं का? एवढ्या दिवसांत काय शिकून घेऊ?

एमओ_कोकण:
वाटायचं गं, आणि वाटायलाच हवं. माझ्या पहिल्याच आठवड्यात साप चावलेला शेतकरी आला, रक्त गोठतंय का ते बघायची २० मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट मला तोंडपाठ होती तरी रक्त घेतलं प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये. सिस्टरनी ती हातातून काढून घेतली आणि कोरडी स्वच्छ काचेची दिली. २ मिली रक्त, २० मिनिटं अजिबात हात लावायचा नाही, मग तिरकी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे गोठलंच नव्हतं. १० व्हायल एएसव्ही (सापाच्या विषावरचा उतारा) लावलं, रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनालिन आधीच भरून ठेवलेलं, आणि १०८ ला फोन. काचेची ट्यूबच का, हे पुस्तकात वाचलं होतं पण डोक्यात बसलं त्या रात्री. तुझ्या विषाच्या केसमध्ये उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन दर ५ मिनिटांनी दुप्पट करत जा, डोळ्यांच्या बाहुल्या बघून थांबू नकोस, छाती कोरडी झाली का ते स्टेथोने ऐक.

सिस्टर_कॅज्युअल्टी:
डॉक्टर, जॉइन झाल्या दिवशीच इमर्जन्सी ट्रे स्वतः उघडून बघा. अँब्यू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबून बघा, ट्यूब टाकताना घसा बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का बघा, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे असते ते विचारून ठेवा. चावी शोधण्यात गेलेली मिनिटं मी पाहिलीत. आणि आम्हाला विचारायला लाजू नका, विचारणाऱ्या डॉक्टरांवर आमचा जास्त विश्वास असतो.

जुना_रेसिडेंट:
दोष मुलांचा नाही. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात स्किल लॅब आली, लॉगबुक (शिकलेल्या कामांची नोंदवही) आलं, पण आमच्याकडे लॉगबुकवर सह्या एका बैठकीत व्हायच्या, हात कोणी धरून शिकवलं नाही. याचा मला अजून राग आहे. तू उद्याच ओटीत जा, अ‍ॅनेस्थेशियाच्या सरांना सांग मास्क धरून बॅगिंग (बॅग दाबून श्वास देणं) करायचंय. ट्यूब जमली नाही तरी नीट बॅगिंगवर पेशंट तगतो.

इंटर्न_विदर्भ:
खूप आभार सगळ्यांचे. सरांना आत्ताच मेसेज केला, सकाळी ८ ला बोलावलंय.