अनुभव धागा: निर्णय घेताना मन नेमकं कुठे होतं?

'डोकं शांत ठेवून ठरव' हा सल्ला आपण सगळेच देतो. भावना बाजूला काढली की खाली शुद्ध विचार उरतो, असं त्यात गृहीत असतं. मेंदूतज्ज्ञ आंतोनिओ दमासिओ यांनी १९९४ साली ज्या रुग्णांबद्दल लिहिलं, त्यांची गोष्ट मात्र उलटी आहे. कपाळामागच्या मेंदूला इजा झालेली ही माणसं. बुद्धी शाबूत, बोलणं व्यवस्थित, पण भावना जवळजवळ विझलेल्या. त्यातल्या एकाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर तो जवळपास अर्धा तास दोन्हींचे फायदेतोटे मांडत बसला. शेवटी 'दुसऱ्या तारखेला या' असं त्याला सांगितलं, तेव्हा तो 'ठीक आहे' म्हणून निघाला.

म्हणजे भावना नसेल तर साधी तारीखही ठरत नाही. मला कुतूहल आहे ते पुढच्या गोष्टीचं. निर्णयाच्या वेळी मनात जे होतं, ते त्याच विषयातून उठलेलं होतं की भलतीकडून आलेलं? सकाळी घरी वाजलं आणि दुपारी तिसऱ्याच माणसाचा अर्ज फेटाळला गेला, असलं काही. स्वतःचं लिहा, जवळून पाहिलेलं लिहा. भावनेने भलं केलं असेल तर तेही लिहा. फक्त 'भावनेच्या आहारी जाऊ नये' एवढं एकच वाक्य नको.

रागीट:
रागाच्या भरात राजीनामा दिला. आजवरचा सगळ्यात चांगला निर्णय.

धागाकर्ती:
@रागीट, राग कशाचा होता?

रागीट:
त्याच साहेबांचा, त्याच कामाचा. बरेच दिवस साठलेला. शांत डोक्याने तर मी रोज न जाण्याची कारणं शोधत होतो.

भूलतज्ज्ञ:
शस्त्रक्रियेआधी नातेवाइकांना धोका समजावून सांगणं हा माझ्या कामाचा भाग. 'शंभरातले नव्वद जण यातून सुखरूप बाहेर येतात' म्हटलं की खांदे सैल पडतात. 'शंभरातले दहा जण दगावतात' म्हटलं की लोक एकमेकांकडे बघायला लागतात. आकडा एकच. १९८२ साली मॅकनील, टव्हर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत हेच तपासलं होतं. मृत्यूच्या भाषेत सांगितलं की शस्त्रक्रिया निवडणारे कमी होत. ज्यांना विचारलं त्यांत डॉक्टरही होते आणि तेही यातून सुटले नाहीत. आमच्या बिरादरीने हे लक्षात ठेवावं.

मी आता दोन्ही वाक्यं लागोपाठ बोलते आणि 'काय समजलं ते मला सांगा' म्हणते. एकदा संमतीपत्रावर सही करताना एका मुलाने पेन कागदावर टेकवलं आणि तिथेच थांबला. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग म्हणाला, 'मॅडम, आई त्या दहांत असली तर?' सोबतचे काका त्याला गप्प करायला लागले, 'असं अभद्र बोलू नये.' पण त्या भीतीने अगदी कामाचा प्रश्न विचारला होता: त्या दहांत कोण असतात? मग वय, हृदय, फुप्फुसं, आधीचे आजार यावर आम्ही नीट बसून बोललो. धीर देऊन त्याला गप्प केलं असतं तर हे बोलणं झालंच नसतं. म्हणून 'घाबरू नका' हे वाक्य मी सहसा वापरत नाही.

लालपेन:
पेपर तपासते. चार वाईट पेपर ओळीने आले की पाचवा मध्यमसुद्धा सोन्यासारखा वाटतो. आणि वैताग चढला की हात जड होतो, काट मारलेली पानाच्या मागे उमटते. मागून पान चाचपडलं तरी मन कुठे होतं ते कळावं! आमच्याकडे एका ज्येष्ठ बाईंनी शिकवलेली पद्धत मी पाळते: गठ्ठ्यातल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. वैताग यायचा तो येतोच, पण एकाच मुलावर कोसळत नाही.

तोटाधारक:
आमच्या बाबांचं लिहितो. वाढलेला शेअर लगेच विकतात, पडलेला धरून ठेवतात. विचारलं की म्हणतात, 'विकला नाही तोवर तोटा कागदावरच.' ही खोड जगभरची आहे. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ साली तिच्यावर लिहिलं. त्याआधी १९७९ साली कानेमान आणि टव्हर्स्की यांनी मांडलं होतं की गमावल्याचं दुःख तेवढंच मिळाल्याच्या आनंदापेक्षा जास्त बोचतं. बाबांना हे सगळं ऐकवून काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका प्रश्नाचा: 'आज हातात रोकड असती तर हाच शेअर घेतला असता का?' बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'हा नसता घेतला. पण हा दुसरा घेतला असता.' पहिला विकला. दुसरा अजून आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तो आता जिद्दीने नाही, विचाराने धरलेला आहे.

धाकटी:
आई गेल्यावर दादा म्हणाला, घर मिळेल त्या किमतीला विकून टाकू. एरवी कुठलीही साधी वस्तू घेतानासुद्धा घासाघीस करणारा माणूस. पहिल्याच गिऱ्हाइकाला 'हो' म्हणायला निघाला होता. त्याला पैशाची निकड नव्हती, त्याला त्या खोल्यांतून फिरणं सहन होत नव्हतं.

मी नंतर वाचलं की लर्नर, स्मॉल आणि लोवेनस्टाइन यांनी २००४ साली एक प्रयोग केला होता. लोकांना आधी दुःखी करणारी चित्रफीत दाखवली आणि मग एका अगदीच असंबद्ध वस्तूची किंमत विचारली. दुःखी माणसं हातातली वस्तू स्वस्तात द्यायला तयार होती आणि नवी वस्तू जास्त पैसे मोजून घ्यायला तयार होती. जणू जे आहे ते जाऊ दे आणि दुसरं काहीतरी येऊ दे. दादाचं हुबेहूब तसं. घर काढायचं आणि लगेच मोठी गाडी घ्यायची, दोन्ही बेत एकाच आठवड्यातले.

मी त्याच्याशी किमतीवरून वाद घातलाच नाही. म्हटलं, 'दादा, विकायचं तर विकू, पण तू तिथे जायचं नाही. किल्ल्या माझ्याकडे दे.' आवराआवर मी केली, माणसं मी दाखवली. खोल्या नजरेआड झाल्या आणि त्याची घाई ओसरली. पुढे घर विकलं ते त्यानेच, दोन जणांना परत पाठवून. गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. मला वाटतं, 'मोठे निर्णय दुःखात घेऊ नका' हे सांगणं सोपं आहे; त्या माणसाचं दुःख नेमकं कुठल्या कामात टोचतंय ते बघून तेवढं काम उचलणं जास्त उपयोगी.

शंकासुर:
प्रयोगांची नावं भराभर येताहेत म्हणून लिहितो. न्यायाधीश भुकेले असले की पॅरोल नाकारतात, हा २०११ सालचा इस्रायलमधला अभ्यास लोक फार चवीने सांगतात. त्याच वर्षी त्यावर आक्षेप आला: खटल्यांचा क्रमच यादृच्छिक नव्हता, वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं सत्राच्या शेवटाकडे येत. तेव्हा 'मूड होता म्हणून' हे कारणही जपून चिकटवा. कधीकधी अर्जच वाईट असतो.

धागाकर्ती:
@शंकासुर, मान्य. म्हणूनच अनुभव मागितले.

जमिनीवरचा:
मला विमानाची भीती. लांबचा पल्ला असला तरी गाडी काढतो.

शंकासुर:
@जमिनीवरचा, ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत अनेकांनी हेच केलं. गेर्ड गिगेरेंझर यांच्या अंदाजानुसार विमान टाळून रस्ता धरल्यामुळे पुढच्या वर्षभरात सुमारे १,५०० जास्तीचे मृत्यू झाले. भीती खरी होती, तिने दाखवलेला रस्ता जास्त धोक्याचा होता.

जमिनीवरचा:
आकडा पटतो हो. पण स्टिअरिंग माझ्या हातात असतं आणि विमानात काहीच नसतं, हे माझ्या पोटाला कोण समजावणार? बायकोला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, 'तुम्ही ठरवूच नका.' पुढच्या प्रवासाचं तिकीट ती काढणार, मी फक्त जाऊन बसणार.